वन टन, वाळू आणि टायरातली हवा

वाळूत गाडी घालायची ठरली की माणसं आधी खरेदीची यादी करायला बसतात. विंच, डिफ लॉक, रुंद टायर, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर दिव्यांची रांग. पुण्याच्या माझ्या मित्रांच्या गाड्या पाहिल्या की वाटतं, एका गाडीवर दुसऱ्या गाडीचे पैसे लादलेत. हौसेला मोल नसतं हे मान्य. पण हौसेला वजन असतं, आणि वाळूला पैशाआधी वजन कळतं. जोधपूरच्या एका मिस्त्रीच्या अंगणात पडून असलेला जुना लष्करी ट्रक थरच्या वाळूत चालण्याजोगा करायचा उद्योग मी गेल्या काही हिवाळ्यांत केला. खिसा बेताचा, म्हणून विकत घेण्यापेक्षा काढून टाकण्याकडे कल राहिला. ट्रकचं त्यातच भलं झालं.

मी नगरचा. नगरात वाढलेल्या पोराला लष्करी गाड्यांचं वेगळं अप्रूप असायचं कारण नाही. आर्मर्ड कोअरचं, म्हणजे रणगाडा दलाचं, केंद्र गावाला लागून, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई तिथलीच, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही. पाहुणे आले की त्यांना चांदबिबीचा महाल आणि रणगाडे दाखवून आणायचे, ही घरोघरची रीत. तरीही पवनचक्क्यांच्या कामासाठी राजस्थानात आलो आणि मिस्त्रीच्या अंगणात कडुनिंबाखाली ती चपट्या तोंडाची हिरवी गाडी दिसली, तेव्हा पाय अडखळलाच.

गाडी म्हणजे निस्सानचा वन टन. जपानी परवान्यावर जबलपूरला बनलेला, जोंगा जीप आणि शक्तिमान ट्रक यांचा भाऊबंद. पुढे सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागे उघडा हौदा, चारही चाकांना जोर, वर हाय-लोचा दांडा. लष्कराने लिलावात काढलेला, मग दोन-तीन हातांतून फिरलेला. वर बाण असलेला लष्करी नंबर जाऊन साधा नंबर आधीच लागला होता, हे माझं नशीब. लिलावातली गाडी स्वतःच्या नावावर करून घेण्याचं प्रकरण इतकं लांबतं की त्यावर बोलायला बसलो तर वाळूपर्यंत पोचायचोच नाही. २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीतच काढायचा नियम आला आहे. लष्कराच्या खास कामाच्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत, पण एकूण असला माल पुढे दुर्मीळच होणार.

मिस्त्रीचा पहिला सल्ला फुकटचा होता. मी वहीत लिहून आणलेली यादी त्याने वाचली, परत दिली आणि म्हणाला, "साब, पहले हवा कम करो. बाकी बाद में देखेंगे."

हवेकडे येतोच. त्याआधी वजन. हौद्यातली लोखंडी बाकं काढली. ताडपत्रीच्या कमानी काढल्या. मागचा फाळका बिजागऱ्यांसकट उतरवला. कुणीतरी शोभेसाठी पुढे जोडलेला पाइपांचा भलामोठा बंपर गॅसकटरने कापला आणि तिथल्या तिथे भंगारवाल्याला किलोवर विकला. ट्रक रिकामा करताना पैसे आले, असा हा एकमेव दिवस. दारंही काढून ठेवली. ती रस्त्यावर येताना परत बसतात. हे सगळं उतरल्यावर गाडी पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगांवर, चांगली बोटभर वर आली, तेव्हा आपण आजवर काय काय वागवत होतो ते डोळ्यांना दिसलं.

यात माझी अक्कल काहीच नाही. हा धडा शंभरेक वर्षं जुना आहे आणि तो इजिप्तच्या वाळवंटात गिरवला गेला. राल्फ बॅगनोल्ड नावाचा ब्रिटिश सैन्यातला सिग्नलचा अधिकारी १९२० च्या दशकात कैरोला नेमणुकीवर होता. सुट्टीत मित्रांना घेऊन तो फोर्डच्या साध्या गाड्या वाळवंटात हाकायचा. खर्च ज्याच्या त्याच्या खिशातून. १९३० साली ही मंडळी इजिप्त-लिबियाच्या सीमेवरच्या महावाळूसागरात शिरली, जिथे गाडी जाणं शक्यच नाही असा तोवरचा समज होता. पुढे १९४० च्या उन्हाळ्यात तिथला ब्रिटिश सरसेनापती जनरल वेव्हेलने त्याला सहा आठवडे दिले आणि तेवढ्यात लाँग रेंज डेझर्ट ग्रुप, म्हणजे वाळवंटात लांबवर गस्त घालणारी तुकडी, उभा राहिला. त्यासाठी त्याने निवडलेल्या गाड्या पाहिल्या की आजच्या ऑफ-रोडवाल्यांना घाम फुटेल. दीड टनी शेव्हरोले ट्रक, तेही टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे जोर दोनच चाकांना! काही कंपनीकडून विकत घेतलेले, काही इजिप्तच्या सैन्याकडून मागून आणलेले. दारं, टप, पुढची काच सगळं काढून टाकलं. मधल्या काळात फोर व्हीलचे फोर्ड आले, पण ते जड आणि पेट्रोलला खादाड. १९४२ मध्ये पुन्हा टू व्हीलच्या शेव्हरोलेच आल्या. पुढे त्या ग्रुपच्या जोडीने हिंदी घोडदळाच्या पलटणींतले जवान घेऊन इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही उभा राहिला. जाट, राजपूत, शीख आणि मुसलमान अशा त्याच्या गस्ती होत्या. वाळूत ट्रक हाकायची विद्या आपल्या माणसांच्या हातांत तेव्हापासूनची आहे.

आता हवा. एका चाकावर ७०० किलो भार आला असं धरू. टायरात ४० पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.८ किलो दाब. भागाकार केला की टायर जमिनीला टेकतो तो तुकडा निघतो २५० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे एफोर कागदाच्या निम्म्याहूनही लहान. तीच हवा १५ वर आणली की तुकडा होतो साडेसहाशेच्या पुढे, अख्ख्या कागदाएवढा. टायरच्या बाजूंचा ताठपणा थोडा भार उचलतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा जरा कमी भरेल, पण हिशोबाची दिशा हीच. टायर पसरतो तो रुंदीत थोडा आणि लांबीत जास्त. लोक रुंद टायरवर पैसे उधळतात तिथे आहे तोच टायर लांब होऊन काम भागवतो. खर्च, हवेचा मीटर घ्याल तेवढाच.

अडचण एकच होती, ती टायरांची. ट्रकवर आले होते ते जुने लष्करी नायलॉन टायर. जाड बाजू, खोल ठोकळ्यांची नक्षी. चिखलात हे ठोकळे जीव वाचवतात. वाळूत तेच ठोकळे फावड्यासारखे चालतात आणि गाडी स्वतःची कबर खणते. शिवाय बाजू इतक्या ताठ की हवा काढली तरी टायर बसायला तयार नाही.

याचं उत्तर मला जैसलमेरच्या रस्त्यावर समोरून चालत येताना दिसलं. उंटगाडा. राजस्थानात उंटगाड्यांना विमानांचे निकामी झालेले टायर लावायची पद्धत आहे. त्यांना ठोकळे नसतात, लांबवर सरळ गेलेल्या दोन-चार चरा तेवढ्या असतात, आणि त्याही बहुतेक झिजलेल्या. असा गाडा चाऱ्याचा डोंगर लादून रस्ता सोडून वाळूत उतरला, आणि मागे खड्ड्याऐवजी नुसता दाबून गुळगुळीत केलेला पट्टा राहिला. उंटाच्या पायाखाली बघितलं तर तिथेही तेच: खूर नाही, मऊ रुंद तळवा, भार पडला की पसरणारा. उंट आणि त्याच्या मागचं विमानाचं चाक, दोघं एकच काम करत होते. मी गाडेवाल्याला थांबवून टायर हाताने दाबून पाहिला. तो उंटावरून खाली बघत राहिला, माझ्यात काहीतरी कमी असल्यासारखा.

मग मिस्त्रीने एका टँकरवाल्याकडून मापात बसणारे, निम्मे घासलेले रेडियल टायर मिळवले. रेडियलच्या बाजू मऊ. नक्षी रस्त्यावर कायद्यात बसेल एवढी होती, वाळूत खणेल एवढी नव्हती. नवे घेतले असते तर इतके चांगले चालले नसते, हे मी ठामपणे सांगतो.

ट्यूब असलेल्या टायरात हवा कमी केली की दुसरं संकट असतं. जोर लावला की रिम फिरते, टायर जागच्या जागी राहतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. त्यासाठी पंक्चरवाल्याने खडूने नव्हे, ऑइल पेंटने रिमवर आणि टायरवर सलग एक रेघ मारून दिली. दर थोड्या वेळाने खाली उतरून रेघ बघायची. तुटून बाजूला सरकली असेल तर हवा फार कमी आहे, चार पॉइंट भरा. शिवाय या रिमा लॉक रिंगच्या, म्हणजे टायर जागेवर धरणाऱ्या सुट्या कडीच्या. हवा भरताना रिंग नीट बसली नसेल तर ती उडते आणि माणूस मारते. हा पंक्चरवाला चाकाला साखळी गुंडाळतो, लांब नळी लावतो आणि पाठ भिंतीला लावून बाजूला उभा राहतो. त्याच्या उजव्या हाताचं एक बोट का नाही, हे विचारायची गरज पडली नाही.

वाळूतून बाहेर आल्यावर हवा परत भरायला कॉम्प्रेसर हवा. मिस्त्रीच्या खोक्यातून एक जुनी पितळी चीज निघाली: इंजिनचा एक स्पार्क प्लग काढायचा आणि त्या जागी हा पंप आटायचा. सहातली पाच सिलिंडर इंजिन चालवतात, सहावं टायर भरतं. पंप बाहेरची स्वच्छ हवा ओढतो, पेट्रोलची वाफ टायरात जात नाही. इंजिन लंगडत लंगडत चालू असतं, पिस्टनच्या ठोक्यागणिक नळी हातात उडी मारते, आणि टायर फुगत जातो. पेट्रोल इंजिनाचा हा एक फायदा डिझेलवाल्यांनी मान्य करावा. एरवी पेट्रोलच्या बिलापुढे आम्हाला बोलायला तोंड नसतं.

चाक तरीही रुततं. रुतलं की हमखास होणारी गोष्ट म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर जोरात पडणं. वाळूचे कण रगडले तर तेलही गळेल म्हणतात; गाडीच्या चाकाने रगडले तर फक्त पेट्रोल जळतं आणि एक्सल वाळूवर टेकतो. थांबायचं, उतरायचं, चाकापुढची वाळू फावड्याने ओढायची आणि पट्ट्या घालायच्या. बॅगनोल्डला या पट्ट्या कैरोच्या जुन्या बाजारात सापडल्या होत्या: पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला केलेले पोलादी पन्हळ. मला सापडलं ते दुसऱ्या महायुद्धाचं भंगार. तात्पुरत्या धावपट्ट्या अंथरण्यासाठी अमेरिकेने १९४१ मध्ये भोकाभोकाची पोलादी पट्टी काढली. दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद, वजन साधारण ३० किलो. आसाम-नागालँडकडे आजही घरांची कुंपणं या पट्ट्यांची दिसतात. जोधपूरच्या भंगार बाजारात एक मिळाली, जरा वाकलेली. मधोमध कापली की पाच-पाच फुटांचे, एका माणसाला उचलतील असे दोन तुकडे झाले. काठावरचे आकडे कानशीने घासून काढावे लागले, नाहीतर तेच टायर फाडतात. आणि प्रत्येक तुकड्याला लाल दोरीचं शेपूट बांधलं. कारण चाक वरून गेलं की पट्टी वाळूत अशी गडप होते की आत्ता इथे होती यावर विश्वास बसत नाही.

विंच घेतला नाही. थरमध्ये विंचचा दोर बांधायला झाड कुठून आणणार? खेजडी दिसली तरी तिला हात लावायची माझी हिंमत नाही. या मुलुखात खेजडीसाठी माणसांनी मान दिली आहे. स्टेपनी उभी गाडून तिला दोर बांधता येतो, पण तेवढा खड्डा खणायच्या मेहनतीत गाडीच निघते. बॉटल जॅकखाली ठेवायला सागाची एक जाड फळी मात्र हवीच. फळीशिवाय जॅक स्वतःच खाली जातो आणि गाडी तिथेच राहते.

रेडिएटरचं काम मला सगळ्यात आवडलं. जुन्या गाडीत पाणी उकळलं की वाफ बारक्या नळीवाटे बाहेर, म्हणजे पाणी गेलं. बॅगनोल्डच्या मंडळींनी ती नळी पायफळीवरच्या पाण्याच्या डब्यात बुडवली. वाफ डब्यात जाऊन थंड होते, तिचं पाणी होतं, आणि इंजिन निवलं की रेडिएटर तेच पाणी परत ओढून घेतो. अट एवढीच, झाकण आणि नळीचे सांधे हवाबंद पाहिजेत. आजच्या प्रत्येक मोटारीत बॉनेटखाली जी पांढरी प्लास्टिकची बाटली असते ती याच घराण्यातली. आम्ही एक प्लास्टिकचा कॅन, हातभर रबरी नळी आणि नवं झाकण एवढ्यात भागवलं. चढ चढून थांबलं की कॅन गडगडतो. मग ट्रकचं तोंड वाऱ्याकडे करून उभं राहायचं. जरा वेळाने घटाघट पाणी प्यायल्याचा आवाज येतो आणि कॅनमधली पातळी डोळ्यांदेखत उतरते. मिस्त्रीची धाकटी मुलगी हे बघायला खास यायची.

बाकीचं झटपट सांगतो. ऑइल बाथचा एअर क्लीनर या गाड्यांना आधीच असतो. तो रॉकेलमध्ये धुऊन नवं तेल घातलं की कागदी फिल्टरचा खर्च नाही. इंजिनवरच्या फ्युएल पंपाला उन्हात वाफ धरते, त्यावर ओलं फडकं. टेकाडापलीकडून येणाऱ्याला दिसावं म्हणून बांबूच्या काठीवर लाल फडकं. पाणी भरपूर, आणि एकटी गाडी कधीच न्यायची नाही, यावर वाद नाही.

चालवण्याचं तंत्र मात्र कुठल्या दुकानात मिळत नाही. टेकाडाची वाऱ्याकडची बाजू कमी उताराची आणि दाबून बसलेली. पलीकडची बाजू कोसळत्या वाळूची, साधारण ३३ अंशांची, भुसभुशीत. चढायचं वाऱ्याकडून आणि सरळ, उतरायचंही सरळ. आडवं गेलात की उलथलात. पहाटे दवाने वाळू घट्ट असते, दुपारी तीच पाय धरते. बॅगनोल्डने पुढे वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर १९४१ मध्ये ग्रंथच लिहिला आणि भूगोलाचे अभ्यासक अजून तो वापरतात. सुट्टीत गाडी रुतवणाऱ्या माणसाने विज्ञानाला एवढं द्यावं, ही मला मोठी गंमत वाटते.

कोकणात रुतणाऱ्या आपल्या लोकांचं गणित वेगळं. तिथे पाण्यालगतची ओली वाळू डांबरासारखी लागते, माणूस निर्धास्त होतो, आणि वरच्या कोरड्या वाळूत रुतल्यावर भरतीची वेळ आठवते. किनाऱ्यावर गाडी नेऊच नये, हेच खरं. मीठ पत्रा खातं ते वेगळंच.

थरमध्ये या साऱ्याची परीक्षा डिसेंबर १९७१ मध्ये झाली. लोंगेवालाला पाकिस्तानचे रणगाडे रात्री रस्ता सोडून वाळूत उतरले आणि कित्येक तिथेच अडकले. सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं आली तेव्हा ते उघड्यावर होते. त्याच महिन्यात, त्याच वाळवंटात, जयपूरच्या राजघराण्यातले लेफ्टनंट कर्नल भवानीसिंह यांचे १० पॅराचे कमांडो जीप आणि जोंगा घेऊन सीमेपलीकडे खोल आत छाछरोपर्यंत गेले. भवानीसिंहांना महावीर चक्र मिळालं. दोन्ही लढायांत शौर्य आणि डावपेच होतेच, ते मी वाळूच्या खात्यावर मांडत नाही. पण लोंगेवालाच्या स्मारकात उभा असलेला पाकिस्तानी टी-५९ रणगाडा बघताना माझी नजर आधी त्याच्या पट्ट्याकडे गेली, आणि मग मी त्याचं वजन किती असेल याचा हिशोब करत बसलो.

एक गोष्ट मित्रांना आधीच बजावतो. वाळवंट ओसाड दिसतं, असत नाही. डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे आणि सोलापूरच्या नान्नजला आपल्याला आता जवळपास न दिसणारा माळढोक तिथे अजून टिकून आहे. सांडा नावाच्या सरड्याची बिळं, फोगाची झुडपं, सगळं चाकाखाली येऊ शकतं. म्हणून जिथे गावच्या जीपगाड्यांच्या वाटा आधीच पडल्या आहेत तिथेच आम्ही जातो. कोरी टेकडी दिसली की चढावीशी वाटते, हेही खरं.

मध्यंतरी वाद चालू होता पाट्यांचा. मी म्हणत होतो, बॅगनोल्डच्या लोकांनी शेव्हरोलेला जादा पाटे घातले. मिस्त्री म्हणाला, त्यांनी आठवड्यांचं पेट्रोल-पाणी आणि बंदुका लादल्या होत्या, तुम्ही काय लादता? दोन पोळीचे डबे. रिकामा ट्रक ताठ पाट्यांवर उड्या मारतो, चाक हवेत जातं, आणि हवेतल्या चाकाचा उपयोग शून्य. शेवटी मागचा एकेक पाटा काढला. पुढच्याच टेकाडावर फरक कळला, तो त्याने तोंडाने बोलून दाखवला नाही, फक्त विडी पेटवली. काढलेले दोन पाटे तो रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या गाडिया लोहारांकडे घेऊन गेला. पाट्याचं पोलाद चांगलं, त्याचं एक रुंद तोंडाचं फावडं करून मागितलं. लोहारीण दुसरा पाटा मजुरीत धरायला लागली, मिस्त्री देईना. मी मध्ये पडलो तर दोघांनी मलाच गप्प केलं.